स्थानबद्ध लोकप्रतिनिधी

दरवर्षी १० ऑक्टोबरला डहाणू-तलासरीच्या पाड्यांतून वारली स्त्रीपुरुष लाल बावटे घेऊन बाहेर पडतात. १९४५ साली याच दिवशी तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व त्याचे चार साथी पडले, त्यांची ही आठवण असते. भाषणे होतात, गोदूताईंचे नाव घेतले जाते आणि ते घेतले जावे हे उचितच आहे. 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या ग्रंथाने, आणि १९७२ साली त्यास मिळालेल्या साहित्य अकादमी पुरस्काराने, या मुलुखाची कहाणी मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत नेली. पण त्याच ग्रंथाच्या प्रकाशात एक माणूस काहीसा सावलीत राहून गेला आहे. शामराव परुळेकर हे नाव आज घेतले जाते ते बहुधा 'गोदावरी परुळेकरांचे पती' या ओळखीने. तलासरीच्या एका तरुण शिक्षकास आम्ही मध्यंतरी विचारले, "आपल्या भागाचा आवाज लोकसभेत प्रथम कोणी नेला?" त्याने १९७७ साल सांगितले. उत्तर चुकीचे होते. पण ती चूक सर्वस्वी त्याची नव्हती.

शामराव विष्णु परुळेकर १९५७ साली ठाण्याहून लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा हा एक पंचमांशही भाग नव्हे. मात्र या माणसाचे कायद्याशी आलेले सर्व संबंध एकापुढे एक मांडून पाहिले म्हणजे आपल्या संसदीय लोकशाहीविषयी बरेच काही उमगते, आणि ते सर्वच सुखावह नाही.

गोखल्यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे ते सभासद. त्या संस्थेची शिकवण घटनात्मक मार्गाची, अर्जविनंत्यांची, आकडेवारी गोळा करून सरकारपुढे ठेवण्याची. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने रत्नागिरीतून मुंबई विधानसभेवर गेले. त्या वर्षी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, त्यात शामराव अग्रभागी होते. त्याच वर्षी ते जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि नोव्हेंबरमध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या मुंबईतील एकदिवसीय संपात उतरले. एका वर्षात विधानसभा, जिनिव्हा आणि गिरणगावचा रस्ता. यांपैकी कोणती जागा खरी, असा प्रश्न त्यांना पडला असेल काय, हे सांगता येत नाही. तथापि १९३९ साली गोदावरी गोखले यांच्याशी विवाह व कम्युनिस्ट पक्षात प्रवेश या दोन्ही गोष्टी घडल्या, आणि १९४० साली युद्धविरोधी प्रचाराबद्दल दोघेही तुरुंगात गेले.

कम्युनिस्ट पक्षाच्या १९४२ मधील भूमिकेबद्दल समाजवाद्यांचे जे म्हणणे होते ते आजही आहे. त्याची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. ज्या काळात आमचे लोक भूमिगत होते त्या काळात परुळेकर दांपत्य ठाणे जिल्ह्यातील पायवाटा तुडवीत होते, आणि तेथे त्यांना जे दिसले ते आमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले होते, एवढे प्रांजळपणे मान्य केलेले बरे.

त्यांना काय दिसले? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण 'गुलामगिरी' हा शब्द उच्चारला की संताप येतो पण यंत्रणा दिसत नाही. वारल्याकडील जमीन आधीच सावकार-जमीनदाराकडे गेलेली. तीच जमीन तो अर्धेलीने किंवा मक्त्याने कसणार. पावसाळा लागला की घरातले धान्य संपलेले. मग मालकाकडून खावटी उचलणे आले. आषाढात एक मण भात उचलले की सुगीनंतर मार्गशीर्षात दीड मण घालावयाचे, ही दिढी. पाच महिन्यांत पन्नास टक्के, म्हणजे वार्षिक दर शंभराच्याही वर. ज्या अर्थव्यवस्थेत पीक वर्षातून एकदाच येते तेथे या दराने कर्ज फिटणे गणिताच्या दृष्टीनेच अशक्य. ते फिटू नये, यातच त्याचा उपयोग होता. कर्ज हा मजूर बांधून ठेवण्याचा दोर होता. व्याज ही मालकाची मुख्य मिळकत नव्हेच. मुख्य मिळकत म्हणजे वेठ: हव्या त्या दिवशी, हव्या त्या कामावर, बिनमोल हजर होणारे माणूस. त्याहून पुढची पायरी लग्नगड्याची. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी तरुण स्वतः, आणि त्याच्यामागून त्याची बायको, मालकाच्या दारी राबू लागत. मुदत कागदावर नसे, कारण कागदच नसे, आणि असला तर तो मालकापाशी.

आम्ही अनेक वर्षे वर्गात कृषी-पतपुरवठा शिकविला. पाठ्यपुस्तकांत सावकारी व्याजाचा दर चढा असण्याची कारणे दिलेली असतात, जोखीम, तारणाचा अभाव, माहितीची अपूर्णता वगैरे. डहाणूच्या जमीनदारास यांपैकी कोणतीच अडचण नव्हती. तारण म्हणून त्याच्यापाशी माणूसच होता.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, तेथे उंबरगाव तालुक्यातील वारली आले. मे महिन्यात झरी येथे सभा झाली आणि वेठ बंद, लग्नगडी मुक्त, मजुरी रोज बारा आणे, असे ठरले. पुढे गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा पाचशे रत्तल गवतास अडीच रुपये ही मागणी पुढे आली. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत हा या भागातील जमीनदारांचा मोठा व्यापार होता. त्यामुळे हंगामी संपाचे हत्यार नेमके वर्मावर बसले. तलवाड्याचा गोळीबार या संपाच्या काळातला. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले, आणि वर्ष संपण्याच्या सुमारास परुळेकर दांपत्यास ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. आपण होऊन वेठीस नकार देणाऱ्या लोकांमागे कोणीतरी बाहेरचा चिथावणीखोर असलाच पाहिजे, ही समजूत परक्या कलेक्टराइतकीच स्वकीय मंत्र्याचीही होती. शामरावांनी १९४७ साली या लढ्याचा वृत्तान्त इंग्रजी पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. एकेकाळी भारत सेवक समाजात जी तऱ्हा ते शिकले होते, म्हणजे दर, वजन, मजुरी नोंदवून मग बोलावयाचे, ती या लेखनात सुटलेली नाही.

स्वातंत्र्य आले. पुढचा भाग कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, पण त्यामागचा माणूस ठाऊक नसतो. १९५१ च्या अखेरीस, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, शामराव प्रतिबंधक स्थानबद्धतेत होते. १९५० चा स्थानबद्धता कायदा मुळात एका वर्षापुरता केलेला. तो १९५१ साली वाढविला, १९५२ साली पुन्हा वाढविला. या वाढीमुळे आपली स्थानबद्धता आपोआप लांबते हे घटनेस धरून नाही, असे म्हणत शामराव सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्ज फेटाळला गेला. न्या. व्हिव्हियन बोस यांनी त्या निकालात दुरुस्ती कायद्याच्या अर्थाविषयी एक सिद्धान्त सांगितला. दुरुस्ती झाल्यावर मूळ कायदा असा वाचावा की जणू जुने शब्द खोडून नवे शब्द लेखणीने व शाईने तेथे लिहिले आहेत. हे वचन आजही वकील उद्धृत करतात आणि निकालाचे नाव 'शामराव परुळेकर विरुद्ध जिल्हा दंडाधिकारी, ठाणे' असे सांगतात. कायद्याच्या ग्रंथांत शामराव अजरामर झाले ते अशा रीतीने. शाईच्या एका फटकाऱ्याने ज्याची कैद लांबली, त्याच्या नावाने शाईचा सिद्धान्त चालू राहिला.

१९५६ साली त्याच नावाचा दुसरा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पुन्हा ठाण्याचे जिल्हा दंडाधिकारी, पुन्हा स्थानबद्धतेचा हुकूम. आणि त्यानंतर वर्षही पुरते उलटले नाही तोच हा मनुष्य लोकसभेचा सभासद झाला. ज्या संसदेने आपल्याला विनाचौकशी डांबण्याचा कायदा केला त्याच संसदेत, तीच राज्यघटना पाळण्याची शपथ घेऊन, तो जाऊन बसला.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्र समितीची होती. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन बनण्याच्या उंबरठ्यावर असलेला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, सारे एका मांडवाखाली आले होते. त्या वेळी ठाणे मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जमातींसाठी राखीव. दोन्ही जागा कम्युनिस्ट उमेदवारांना मिळाल्या. पहिल्यावर शामराव, दुसऱ्यावर लक्ष्मण महादू माटेरा.

हे दुसरे नाव वाचकांपैकी किती जणांनी ऐकले आहे? शामराव निदान गोदूताईंच्या सावलीत तरी आहेत. माटेरा कोणाच्याही सावलीत नाहीत. ते विस्मरणातच आहेत. ज्या जिल्ह्यात बारा वर्षांपूर्वी लग्नासाठी कर्ज घेतलेला आदिवासी आपल्या देहाचाही धनी नव्हता, त्या जिल्ह्याने आदिवासींच्या राखीव जागेवरून एक सभासद दिल्लीस धाडला, आणि त्याच्याबद्दल चळवळीच्या स्मरणिकांतही चार ओळी सापडणे कठीण. पुढाऱ्यांची चरित्रे लिहिणारे आपण सुशिक्षित लोक कोणाची चरित्रे लिहितो, याचाही हिशेब कधीतरी मांडला पाहिजे. शामरावांचे मोठेपण मान्य करूनही आम्हास असे वाटते की त्या निवडणुकीचा खरा नवा अर्थ दुसऱ्या जागेत होता. सुशिक्षित, कायदा जाणणारा, मुंबईच्या विधानसभेत बसलेला पुढारी दिल्लीस जाणे अपूर्व नव्हते.

शामराव लोकसभेत गेले त्याच वसंतात, १ एप्रिल १९५७ रोजी, मुंबई राज्यात 'कृषक दिन' उजाडला. सुधारित कूळकायद्यानुसार त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले असे मानावयाचे होते. कायद्याच्या इतिहासात ही मोठी तारीख आहे यात संशय नाही. आम्ही ती फळ्यावर कित्येकदा लिहिली. पण 'मानावयाचे' या क्रियापदात सारी मेख होती. कूळ म्हणून मानले जाण्यास सातबाऱ्यावर पीकपाणी आपल्या नावे लागलेले हवे. ते तलाठी लावणार, आणि तलाठी उतरणार मालकाच्या ओसरीवर. खंडाची पावती कधी हाती न पडलेला वारली आपण कूळ आहोत हे कशावरून सिद्ध करणार? शेजारच्याच्या साक्षीवरून? शेजारीही त्याच मालकाचा खावटीदार. शिवाय किंमत ठरणार, हप्ते पडणार, ते चुकले तर खरेदी निष्फळ. ज्याने उभ्या आयुष्यात रोख रक्कम क्वचित हाताळली त्याने हप्त्यांचे वेळापत्रक पाळावयाचे! जेथे किसान सभा गावात जिवंत होती तेथे लोक जमिनीवर टिकले. जेथे ती नव्हती तेथे कायदा राजपत्रातच राहिला. कायदे संसदेत होतात हे खरे, पण त्यांची अंमलबजावणी पाड्यात होते, आणि पाड्यातील बळाचा समतोल बदलल्यावाचून ती होत नाही. लोकसभेतला प्रतिनिधी तेथे पुरा पडत नाही. वेठ मोडली गेली ती कोणत्याही विधेयकाने मोडली नव्हती, हे शामरावांहून अधिक कोणास ठाऊक असणार?

हे केवळ आपल्याकडचे वैगुण्य असे समजू नये. फिनलंडमध्ये १९०६ साली स्त्रीपुरुष सर्वांना मताचा आणि निवडणुकीस उभे राहण्याचाही हक्क मिळाला, आणि पुढल्याच वर्षी एकोणीस स्त्रिया संसदेत बसल्या. त्या काळी युरोपात याला तोड नव्हती. तथापि तेथील तोरपारी म्हणविल्या जाणाऱ्या कुळांना कसत्या जमिनी स्वतःच्या करून घेण्याचा कायदा होण्यास १९१८ चा शरद उजाडावा लागला, आणि मधल्या काळात एक भीषण यादवी युद्ध होऊन गेले. मत लवकर मिळते. जमीन उशिरा मिळते, आणि बहुधा फुकट मिळत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. समितीच्या मागणीत डांग आणि उंबरगावही होते. डांग गुजरातेत गेला. उंबरगाव तालुका दुभंगला, बहुतेक गावे गुजरातेत गेली, उरलेल्यांतून पुढे तलासरीचा तालुका आकारास आला. मुंबईच्या हर्षकल्लोळात या दुभंगाचे कोणास फारसे दुःख झाले नाही. ज्या वारल्यांनी एका बावट्याखाली संप केला त्यांच्यामधून सीमारेषा गेली, एका बाजूची मुले गुजराती शाळेत व दुसऱ्या बाजूची मराठी शाळेत जाऊ लागली, आणि वारली बोली दोन्हीकडे शाळेबाहेर राहिली. भाषावार प्रांतरचनेचे आम्ही कट्टर पुरस्कर्ते. तरीही ज्यांची भाषा कोणत्याच राज्याची भाषा नव्हती त्यांचा विचार त्या वेळी आम्हा कोणाच्याच मनात पुरेसा नव्हता, हे आज लिहून ठेवावेसे वाटते.

१९६१ साली द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. १९६२ च्या निवडणुकीने शामरावांची संसदीय कारकीर्द संपली, आणि त्याच वर्षीच्या चीन युद्धाने नव्या अटकसत्रास निमित्त दिले. १९६४ मध्ये पक्ष फुटला. शामराव मार्क्सवादी गटाबरोबर राहिले. भारत संरक्षण नियमांखाली पुन्हा स्थानबद्धता आली. ३ ऑगस्ट १९६५ रोजी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात त्यांचे निधन झाले. ना आरोपपत्र, ना खटला. कालपरवापर्यंत जो लोकसभेचा सभासद होता तो आपल्याच प्रजासत्ताकाचा बंदी म्हणून गेला.

त्यानंतर आठवडा उलटला नाही तोच, ९ ऑगस्टच्या मध्यरात्री, त्याच नियमांखाली पाटण्यास डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली. लोहिया सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबरमध्ये सुटले. अटकेचा हुकूम शब्दशः नियमाबरहुकूम नव्हता, या मुद्द्यावर न्यायालयाने त्यांना मुक्त केले. समाजवादी मंडळी त्या निकालाचा अभिमानाने उल्लेख करतात, आम्हीही करतो. परंतु लोहियांच्या सुटकेसाठी आम्ही जितके बोललो त्याच्या दशांशाने तरी आर्थर रोडमधील त्या मृत्यूबद्दल बोललो काय? चीनच्या प्रश्नावर त्यांच्या पक्षाशी आमचे तीव्र मतभेद होते. ते असावयासच हवे होते. मात्र विनाचौकशी स्थानबद्धता वाईट असेल तर ती मतभेद असलेल्या माणसासाठीही वाईट असते. दहा वर्षांनी, १९७५ च्या जूनमध्ये, सर्वांचीच पाळी आली तेव्हा हा धडा आम्हास नव्याने शिकावा लागला.

शामरावांनंतर या भागाचे काय झाले? १९६७ साली नव्या डहाणू राखीव मतदारसंघातून काँग्रेसचे यशवंतराव मुकणे निवडून आले. जव्हार संस्थानचे ते माजी अधिपती. जातीने महादेव कोळी, म्हणून राखीव जागेस पात्र. राखीव जागा म्हणजे आपोआप रयतेचा प्रतिनिधी, असे समजणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे आहे. कालपर्यंतचा राजा आदिवासींचा प्रतिनिधी झाला, आणि नियमाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हते. १९७७ साली आणीबाणीनंतरच्या लाटेत मात्र लहानू शिडवा कोम निवडून आले. महाराष्ट्रातून त्या वर्षी मार्क्सवादी पक्षाचे तिघे लोकसभेत गेले, मुंबईच्या अहिल्याताई रांगणेकर, बीडचे गंगाधरअप्पा बुरांडे, आणि डहाणूचे कोम. शामराव-गोदूताईंनी रुजविलेल्या चळवळीतला आदिवासी कार्यकर्ता एकसदस्य मतदारसंघातून, कोणा सुशिक्षित ज्येष्ठ सहकाऱ्याशेजारी नव्हे तर एकट्याने दिल्लीस गेला. १९८० मध्ये ती जागा गेली. कोम तलासरीत परतले आणि २०२२ साली वारले. आमच्या त्या तरुण शिक्षकाच्या मनातले १९७७ हे साल अशा रीतीने अगदीच निराधार नव्हते. माटेरांनी जी वाट पाहिली होती ती कोमांनी मळविली.

आज पालघर स्वतंत्र जिल्हा आहे. वन हक्क कायदा २००६ साली झाला आणि पुन्हा तोच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण हे वनातले शेत कसतो हे सिद्ध कशाने करावयाचे? दाव्याच्या फायली, पंचनामे, नकाशे, जुन्या दंडाच्या पावत्या. पूर्वी वन खात्याने अतिक्रमणापोटी फाडलेली पावती हाच आता हक्काचा पुरावा ठरतो, हा नियतीचा विनोद म्हणावयाचा. ज्याने ती पावती जपून ठेवली तो तरला. ज्याच्या झोपडीत ती वाळवीने खाल्ली त्याचा दावा लोंबकळला. पश्चिमेस समुद्रकाठी वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे, पूर्वेस मार्ग आणि लोहमार्ग येत आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी भूसंपादन अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो, कागद दाखवा.

लोकसभेत पालघरचा एक सभासद आहे, विधानसभेत डहाणूचा एक. २०१९ पासून विधानसभेतली ही जागा किसान सभेच्या परंपरेतील विनोद निकोले यांच्याकडे आहे, २०२४ साली ती त्यांनी राखली. त्यांच्या पाठीशी आज टिटवाळा-झरीच्या सभांसारखे बळ गावोगाव उभे आहे की नाही, हे मुंबईत बसून सांगणे धाडसाचे होईल. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस चालत आलेल्या शेतकऱ्यांत वन हक्काचे दावेदार आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या तळपायांची चित्रे वृत्तपत्रांनी छापली, एवढे आम्हास आठवते. सरकारने त्या वेळी प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे लेखी आश्वासन दिले होते. तलासरीच्या तहसील कचेरीबाहेर आजही कोणी वारली म्हातारी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून कारकुनास दाखविताना दिसते, तेव्हा त्या आश्वासनाचे पुढे काय झाले हे तिलाच विचारावे.